‘मोशन’साठी मराठीत नेमका कोणता शब्द?

प्रश्न : गोव्यातील साखळी गावची भाषांतरकार

सप्रेम नमस्कार. शाळकरी मुलांसाठी तयार होत असलेल्या एका इंग्रजी-मराठी शब्दसंग्रहाचे काम गेले तीन महिने मी घरी बसून करीत आहे. ‘एम’ या अक्षरापर्यंत गाडी सुरळीत चालली होती. ‘मोशन’ या नोंदीपाशी मात्र ती अशी रुतली की आठवडा उलटला तरी चाक हलेना. पहिल्या खर्ड्यात मी एकच प्रतिशब्द दिला होता, तो म्हणजे गती. तपासनिसांनी ते पान परत पाठवले आणि समासात एवढेच लिहिले, ‘मग अॅडजर्नमेंट मोशन म्हणजे स्थगन गती का?’ टोला झोंबला, पण तो योग्य जागी बसला होता.

योगायोग असा की त्याच आठवड्यात हा शब्द तीन निरनिराळ्या वेशांत माझ्या दारी आला. नववीत शिकणारा माझा भाचा ‘लॉज ऑफ मोशन’ मोठमोठ्याने पाठ करीत होता. पर्वरीला विधानसभेचे अधिवेशन चालू असल्याने शेजारचे काका ‘आज कुणी मोशन मूव्ह केले’ याची चर्चा व्हरांड्यात करीत होते. आणि तिसरा प्रसंग आईच्या खाटेपाशी घडला. तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिकेने तिला विचारले, ‘आजी, मोशन झाली का?’ आईने मोठ्या अभिमानाने उत्तर दिले, ‘झाली तर! काल चार पावलं चालले.’ परिचारिकेने हसू आवरले आणि प्रश्न सोप्या मराठीत पुन्हा विचारला. तो येथे लिहीत नाही, जाणकारांना कळेलच.

माझ्या शंका दोन आहेत. या सगळ्या अर्थांना पुरून उरणारा एखादा मराठी शब्द आहे का, की प्रत्येक क्षेत्राचा वेगळा शब्द देणे हाच मार्ग? आणि वेगळे शब्द द्यायचे झाले तर गती, वेग, चाल, हालचाल, चलन यांतील सीमारेषा कोणत्या कसोटीवर आखावी? बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण मुलांच्या हाती द्यायच्या पुस्तकात तसे करून चालणार नाही.

उत्तर १ : निवृत्त विज्ञानशिक्षक, डिचोली

ताई, आपल्या भाच्यापासून सुरुवात करतो, कारण भौतिकशास्त्रापुरता हा घोळ पाठ्यपुस्तकांनी पुष्कळसा निस्तरलेला आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत मोशन म्हणजे गती, स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग आणि अॅक्सेलरेशन म्हणजे त्वरण. बोलीत ‘गाडीची गती वाढली’ म्हटले तरी कुणी अडवणार नाही. विज्ञानाच्या वहीत मात्र गती ही अवस्था आहे, मोजायची राशी नव्हे. मोजायचे असते ते चाल किंवा वेग, आणि त्या दोहोंतही दिशेचा फरक आहे. म्हापशाहून पणजीला जाऊन परत म्हापशाला आलेल्या बसची एकूण सरासरी चाल काही तरी भरेल. सरासरी वेग मात्र शून्य भरेल, कारण जेथून निघाली तेथेच ती पोहोचली. हे उदाहरण वर्गात सांगितले की मुले आधी भांडतात आणि मग कायमचे लक्षात ठेवतात.

गती ही अवस्था म्हटली तरी ती कुणाच्या दृष्टीने, हा प्रश्न सुटत नाही. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत उभे राहून आपण मोटारसायकलच्या आरशात पाहत असाल, तर आरसा, मोटारसायकल आणि आपण तिघेही स्थिर आहात. मागे सरकतो आहे तो रायबंदरचा धक्का. आर्यभटांनी हाच दाखला इसवी सन ४९९ मध्ये दिला आहे. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या अचल वस्तू जशा उलट दिशेने जाताना दिसतात, तसे अचल तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे ते म्हणतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सांगण्यासाठी त्यांना नावेइतके जवळचे उदाहरण सुचले नाही, आणि आम्हा नदीकाठच्या लोकांनाही सुचणार नाही. जाता जाता सांगतो, गोव्याच्या अक्षांशावर या परिवलनामुळे आपण सगळे ताशी सुमारे १,६०० किलोमीटर चालीने पूर्वेकडे निघालो आहोत आणि तरीही चहाच्या कपावर तरंग उठत नाही. न्यूटन यांनी १६८७ साली मांडलेल्या गतीच्या पहिल्या नियमाचे मर्म यातच आहे. एकसमान गतीतील वस्तू आणि स्थिर वस्तू यांना वेगळी वागणूक मिळत नाही. बाहेरून बल लागले, म्हणजे गती बदलली, तरच काही जाणवते.

शरीरालाही हेच कळते. आतल्या कानात जी संवेदनयंत्रणा आहे ती वेग ओळखत नाही, वेगातील आणि दिशेतील बदल ओळखते. म्हणून सरळ रस्त्यावर झोप लागते आणि चोर्ला घाटात गाडी लागते. डोळे गाडीच्या आतले स्थिर आसन पाहत असतात, कान मात्र वळण कळवीत असतात. मेंदूला या दोन साक्षींचा मेळ घालता येत नाही. इंग्रजीत याला मोशन सिकनेस म्हणतात, आणि आपल्या नोंदीत त्यापुढे ‘गतिजन्य आजार’ असे काही लिहू नये, ही विनंती. ‘गाडी लागणे’ आणि ‘बोट लागणे’ हे शब्द आपल्याकडे आधीच आहेत.

आपल्याला उपयोगी पडतील असे गतीचे प्रकार : रेषीय, वर्तुळाकार, आंदोलित, नियतकालिक आणि यादृच्छिक. यांतील ‘आंदोलित’ जपून वापरा. लंबकाचे आंदोलन आणि आझाद मैदानावरचे आंदोलन ही एकाच धातूची लेकरे आहेत, आणि मी एकदा उत्तरपत्रिकेत ‘लंबक मागण्या मान्य होईपर्यंत आंदोलन करतो’ असे वाचले आहे. विद्यार्थ्याला अर्धा गुण दिला होता.

उत्तर २ : विधानसभेचे वार्तांकन केलेला एक जुना वार्ताहर, पर्वरी

काकांच्या व्हरांड्यातील प्रश्न माझ्या वाट्याचा आहे. संसदीय कामकाजात मोशन म्हणजे प्रस्ताव आणि रेझोल्यूशन म्हणजे ठराव, हा मूळ भेद. सभागृहाचे मत किंवा निर्णय घेण्यासाठी सदस्याने जे समोर ठेवले तो प्रस्ताव. ठरावही सभागृहापुढे येतो तो प्रस्तावाच्याच रूपाने, म्हणून प्रत्येक ठराव हा प्रस्ताव असतो, पण प्रत्येक प्रस्ताव हा ठराव नसतो. वृत्तपत्रांनी मात्र हा भेद केव्हाच पुसून टाकला आहे. आमच्या गोव्यात सरपंचावर अविश्वास ठराव आल्याची बातमी इतकी नित्याची आहे की तेथे ‘अविश्वास प्रस्ताव’ लिहिणारा वार्ताहर वाचकाला नवशिका वाटेल. मी स्वतः वर्षानुवर्षे ‘ठराव’च लिहिला, हे कबूल करतो.

अडचण तेवढ्यावर संपत नाही, कारण याच मोशनला मराठीत तिसरे नावही आहे. कॉलिंग अटेन्शन मोशन ही लक्षवेधी सूचना होते आणि कट मोशन ही कपात सूचना होते. लोकसभेच्या नियमांतील कपात सूचनांची रचना मुलांना सांगण्याजोगी आहे. खात्याच्या धोरणालाच विरोध असेल तर त्या खात्याने खर्चासाठी केलेली मागणी कमी करून एक रुपयावर आणावी अशी सूचना देतात आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांची कपात सुचवितात. शंभर रुपयांनी सरकारी तिजोरीला काय होणार? रकमेला तेथे अर्थ नसतो. बोलण्याची संधी मिळावी म्हणून ती मागितलेली असते. स्थगन प्रस्तावाची गंमत तर आपल्या तपासनिसांच्या नजरेतूनही निसटली आहे. ‘ठरलेले कामकाज थांबवा आणि हा तातडीचा विषय घ्या’ असे सांगणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत मोशन म्हणतात, म्हणजे थांबविण्यासाठीही काही तरी हलवावे लागते.

याहून मला जास्त गमतीचे वाटते ते क्रियापद. इंग्रज सदस्य प्रस्ताव ‘मूव्ह’ करतो, म्हणजे हलवतो. आपला सदस्य तो मांडतो. मांडणे ही हलविण्याच्या नेमकी उलट क्रिया आहे. पाट मांडतात, संसार मांडतात, भातुकली मांडतात, सगळे कसे जागच्या जागी बसविण्यासाठी. आणि ठराव हा शब्द तर ‘ठरणे’ यावरून आला, म्हणजे स्थिर होणे. तेव्हा एकाच सभागृहातील एकाच कृतीकडे इंग्रजी भाषा चालू लागलेली गोष्ट म्हणून पाहते आणि मराठी भाषा बसविलेली गोष्ट म्हणून. शब्दशः भाषांतर येथे फसणारच.

न्यायालयाच्या बातम्यांतही हा शब्द लपून बसलेला असतो. उच्च न्यायालयाने ‘स्यू मोटो’ दखल घेतली असे आपण वाचतो, त्यातील ‘मोटू’ हे लॅटिन रूप मोशनच्याच कुळातील आहे. शब्दशः अर्थ ‘स्वतःच्या हालचालीने’. मराठीत त्यासाठी ‘स्वतःहून’ हा चार अक्षरांचा शब्द पुरतो.

उत्तर ३ : परिचारिका, मडगाव

आपल्या आईचा प्रसंग वाचून आमच्या कक्षातील सगळ्याजणी हसल्या, कारण असे आठवड्यातून एकदा तरी घडते. ‘शौचास झाली का?’ हा प्रश्न दहा खाटांच्या कक्षात मोठ्याने विचारला की रुग्ण संकोचतो, म्हणून ‘मोशन’ हा आडपडदा रूढ झाला. आमच्या आजीच्या काळी ‘परसाकडे’ हा शब्द तेच काम करीत असे; परस गेले, आडपडदा राहिला. पातळ शौचास वारंवार होत असेल तर जुलाब म्हणावे. ‘लूज मोशन’ सर्वांना कळते, पण शब्दसंग्रहात जुलाबच द्यावा.

हाडांच्या विभागात हाच शब्द वेगळा वागतो. तेथे तो सांध्याची हालचाल या अर्थी येतो आणि अंशांत मोजला जातो : गुडघा किती वाकला, किती सरळ झाला. रुग्णाने स्वतः केलेली हालचाल आणि उपचारकाने धरून करवून घेतलेली हालचाल यांची नोंद आम्ही वेगवेगळी ठेवतो. ‘करणे’ आणि ‘करवणे’ हा भेद मराठीत किती सहज होतो ते पाहा. तेव्हा आपल्या आईचे उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. विभाग बरोबर होता, प्रश्न दुसऱ्या विभागाचा होता.

उत्तर ४ : संस्कृतचा अभ्यासक, पेडणे

वरील उत्तरांतील माहिती उपयुक्त आहे, पण ‘गती’ला एवढ्या लवकर एका कोपऱ्यात बसवू नये, असे मला वाटते. आपल्या भाषेत तिचा पैस मोशनपेक्षाही मोठा आहे. सद्गती, दुर्गती, अधोगती, प्रगती, संगती, विसंगती. ‘गत्यंतर नाही’ आणि ‘अगतिक’. मृतात्म्याला गती मिळणे. ‘तिला गणितात गती आहे’ या वाक्यात तर कुणीच हलत नाही. ज्या धातूंचा अर्थ गती, त्यांचा अर्थ ज्ञानही होतो, असा संस्कृत वैयाकरणांचा संकेत आहे. ‘अवगत होणे’ म्हणजे कळणे, ते याच वाटेने आले. वैशेषिकांनी, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानातील एका दर्शनाच्या अनुयायांनी, कर्माचे, म्हणजे हालचालीचे, पाच प्रकार सांगितले : वर फेकणे ते उत्क्षेपण, खाली टाकणे ते अवक्षेपण, आखडणे ते आकुंचन, पसरणे ते प्रसारण आणि उरलेले सगळे गमन. परिचारिकाताईंच्या गुडघ्याला यातील दोन शब्द आजही चपखल बसतील. भास्कराचार्यांनी ११५० साली ग्रहांच्या ‘तात्कालिकी गती’चा, म्हणजे त्या क्षणापुरत्या गतीचा, विचार केला, तेव्हा गती ही मोजायची राशी नव्हे हे शिक्षक महोदयांचे विधान आपल्या परंपरेला सरसकट लागू पडत नाही. माझ्या मते मुख्य नोंद गतीच ठेवावी आणि बाकीचे अर्थ तिच्याखाली पोटनोंदी म्हणून द्यावेत.

उत्तर ५ : विधानसभेचे वार्तांकन केलेला एक जुना वार्ताहर, पर्वरी

पेडण्याच्या मित्रांशी मी अर्धा सहमत आहे. गतीचा पैस मोठा आहे यात वाद नाही, पण तो मोशनच्या पैसाला लागून नाही. गणितातील गतीला इंग्रज मोशन म्हणणार नाही आणि कपात सूचनेला आपण गती म्हणणार नाही. दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात, एक दुसऱ्याच्या पोटात मावत नाही. पोटनोंदी लावल्या तर मूल असे समजेल की प्रस्ताव हा गतीचाच एक प्रकार आहे.

उत्तर ६ : तबला शिकविणारे एक गृहस्थ, माशेल

आमच्या क्षेत्राची आठवण कुणी काढली नाही, म्हणून लिहितो. संगीतात चालण्याला लय म्हणतात, आणि संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात लयीची जी व्याख्या केली ती वार्ताहर महाशयांना आवडेल : क्रियेनंतरची विश्रांती म्हणजे लय. दोन टाळ्यांच्या मध्ये हात किती थांबला यावरून विलंबित, मध्य आणि द्रुत ठरते. म्हणजे आम्ही चालणे मोजतो ते थांबण्याने. नवख्या विद्यार्थ्याला हे सांगून पटत नाही. तो बोल घाईने वाजवितो आणि मधली जागा खाऊन टाकतो. लय हातात येणे म्हणजे त्या रिकाम्या जागेचा हिशेब येणे. लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा ताल दाखवीत असत, असे आम्ही गुरुजींकडून ऐकत आलो. एकाच देहात एकाच वेळी निरनिराळ्या गती नांदविणारा हा माणूस आमच्या मातीतला, हे सांगताना थोडा अभिमान वाटला तर क्षमा असावी.

लयीखेरीज आमच्याकडे गत आहे, जी सतारीवरही वाजते आणि कथ्थकमध्येही चालते. आणि चाल आहे. हिला आपल्या संग्रहात जागा द्याच. गाण्याला चाल लावतात, घोड्याची चाल पाहतात, बुद्धिबळात चाल खेळतात, शत्रूवर चाल करून जातात आणि शिक्षक म्हणतात त्याप्रमाणे किलोमीटरमध्येही ती मोजतात. भजनात ‘जुन्या चालीवर म्हणा’ असे सांगितले तर कुणी घड्याळ काढीत नाही.

आता एक उदाहरण, ज्यात शिक्षकांची आणि माझी अशा दोन्ही गती एकत्र आल्या आहेत. ‘व्हॉयेजर १’ हे अवकाशयान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. त्यावरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर आमच्या फोंडे तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. त्याच महिन्यात केसरबाई निवर्तल्या. यान सूर्याच्या संदर्भात सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने दूर जात आहे, आणि त्यावर एक बाई विचारीत आहे की कुठे निघालास. तबकडी मात्र फिरत नाही. ती कुणाला सापडून त्याने फिरविली तरच ती भैरवी चालू लागेल. यान गतिमान, गाणे स्थिर. शिक्षक महाशय, याला आपण काय म्हणाल?

उत्तर ७ : निवृत्त विज्ञानशिक्षक, डिचोली

म्हणेन की यानाच्या दृष्टीने तबकडी स्थिर आहे आणि केरी गाव सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने तिच्यापासून दूर जात आहे. संदर्भचौकट कुणाची, एवढाच प्रश्न. भास्कराचार्यांच्या तात्कालिकी गतीचा मुद्दा मात्र मान्य आहे. माझे विधान आजच्या पाठ्यपुस्तकांपुरते धरावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : साखळीची भाषांतरकार

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस ही उत्तरे समोर ठेवून बसले, तेव्हा लक्षात आले की कसोटी मी नामांत शोधीत होते आणि ती क्रियापदांत होती. ‘मांडणे’बद्दल वाचल्यावर हे सुचले. आता प्रत्येक उदाहरणाला मी आधी विचारते की येथे मराठी माणूस कोणते क्रियापद वापरील. काही असते, मिळते किंवा येते, तेथे गती. कुणी करतो किंवा करवतो, तेथे हालचाल. कुणी मांडतो, तेथे प्रस्ताव. देतो, तेथे सूचना. आवळते किंवा ढासळते, तेथे लय. नुसती लागते, तेथे गाडी. चाल मात्र लावतात, खेळतात, करतात आणि मोजतात, म्हणून तिला मी स्वतंत्र पान देत आहे. ही कसोटी सगळीकडे टिकेल असा दावा नाही. ‘ठराव आला’ या वाक्यापाशीच ती लंगडते. पण खर्डा पुढे सरकला.

पेडण्याच्या अभ्यासकांची सूचना मी निम्मी स्वीकारली आहे. मुख्य नोंदीत गती पहिली राहील, परंतु प्रस्ताव आणि सूचना तिच्या पोटात न जाता शेजारी बसतील. अविश्वासाच्या बाबतीत ‘प्रस्ताव’ लिहून पुढे ‘वृत्तपत्रांत ठराव’ अशी टीप देते. मोशन सिकनेसपुढे ‘गाडी लागणे’ लिहिले आहे आणि तपासनिसांनी ते ‘बोलीभाषा’ म्हणून खोडले तर भांडण्याची तयारी ठेवली आहे.

एक नोंद तशीच राहिली आहे, स्लो मोशन. ‘मंदगती’ लिहिले तर ती मुलाच्या प्रगतिपुस्तकातील शेऱ्यासारखी वाटते, ‘संथ चलच्चित्रण’ लिहिले तर भाचा पुस्तक मिटून ठेवील. क्रिकेटचा झेल पुन्हा दाखवितात तेव्हा आमच्या घरात सगळेच, आईसुद्धा, ‘स्लो मोशनमध्ये दाखवताहेत’ असे म्हणतात. तेव्हा तेथे देवनागरीत ‘स्लो मोशन’च ठेवते आहे. कुणाला याहून बरा शब्द सुचला तर शनिवारपर्यंत कळवावा. सोमवारी पाने छपाईला जातात.